तबल्यावरून संतूरकडे: जुन्या हातांनी नवं वाद्य घेण्याविषयी

मागच्या व्याख्यानात 'सवय' या विषयावर बोललो, तेव्हा शेवटी शहाद्याच्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, "सर, चाळीस वर्षं एक वाद्य वाजवलेल्या माणसाने दुसरं वाद्य हातात घेतलं, तर तो नवशिका धरायचा की जुना?" मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न माझ्याच दुखण्यावर बोट ठेवणारा होता. आज त्याच प्रश्नाला धरून बोलतो.

मी तबला वाजवतो. म्हणजे मैफलीतला नव्हे. भजनी मंडळ, कॉलेजचं गॅदरिंग, मित्राच्या घरची बैठक, असा चाळीसेक वर्षांचा हात. निवृत्त झालो आणि संतूर विकत घेतलं. घरच्यांनी विचारलं, "हे काय नवीन?" मी तोऱ्यात सांगितलं, यात शिकायचं ते काय, ताल आहे, लय आहे, दोन्ही हात चालतात, फक्त बोटांऐवजी कलमं धरायची. हा तोरा तीन महिन्यांत उतरला. का उतरला, ते बघू.

माझ्या तोऱ्याला एक तात्त्विक आधारही होता बरं का! मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाचा 1945 सालचा ग्रंथ आहे, इंद्रियानुभवाच्या मीमांसेवरचा. त्यात ऑर्गन वाजवणाऱ्याचं उदाहरण येतं. मुरलेला वादक अनोळखी ऑर्गनवर बसतो, पट्ट्यांच्या रांगा कमी-जास्त, खुंट्यांची मांडणी वेगळी. तरी तासाभराच्या सरावात तो कार्यक्रमाला तयार. तो मोजमापं पाठ करत नाही. शरीरानेच त्या वाद्यात घर करतो. हा दाखला मी वर्गात वर्षानुवर्षं दिला. सुंदर आहे. पण त्यातली मेख मला संतूरपुढे बसल्यावर दिसली: तो माणूस ऑर्गनवरून ऑर्गनवरच गेला होता!

आता दुसरा दाखला घ्या. एमेट चॅपमन नावाचे एक अमेरिकी गिटारवादक. 1969 साली त्यांना एक युक्ती सापडली. तार छेडायचीच नाही. दोन्ही हातांची बोटं दोन बाजूंनी पडद्यांना समांतर आणायची आणि तार पडद्यावर नुसती ठोकून, दाबून बोलती करायची. म्हणजे दोन्ही हात पियानोसारखे मोकळे. या युक्तीसाठी त्यांनी दहा तारांचं वेगळंच वाद्य बनवलं आणि 1974 पासून ते विकायला सुरुवात केली. त्याला चॅपमन स्टिक म्हणतात. क्रम लक्षात घ्या: वाद्य निवडून हात घडवला नाही, हाताची लकब आधी आली आणि वाद्य तिच्या मागून आलं. 2021 साली ते गेले.

मात्र त्यांच्यामागून जे गिटारवाले हे वाद्य घेतात, त्यांचं काय? दिसायला तारा, पडदे, सगळं ओळखीचं. पण खर्जाच्या तारा पंचमाच्या अंतराने लावलेल्या, वरच्या तारा मध्यमाच्या अंतराने, आणि सगळ्यात जाड तार काठाला नाही, मधोमध! उजव्या हाताला आयुष्यभराचं छेडणं विसरायचं असतं. म्हणून माझं म्हणणं असं की अनोळखी वाद्यापेक्षा ओळखीचं दिसणारं वाद्य जास्त फसवतं. अनोळखी वाद्यापुढे माणूस नम्र तरी असतो.

संतूरनेही मला तसंच फसवलं. मला वाटलं, हे तारांचा तबलाच आहे. तबल्यात उजव्याचं काम निराळं, डाव्याचं निराळं. संतूरवर दोन्ही हात तुल्यबळ लागतात, नाहीतर एक स्वर जाड आणि पुढचा बारीक वाजतो. डग्ग्यावर मनगट सरकवून घुमारा वर-खाली नेता येतो. संतूरची तार एकदा वाजली की तुमच्या हाताबाहेर. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे, तबल्याचा बोल लगेच विझतो, म्हणून आमच्या हाताला पुढचा बोल भरायची घाई. संतूरचा स्वर गुंजत राहतो आणि तो गुंजू द्यायचा असतो. माझे गुरुजी चोवीस वर्षांचे. मला 'सर' म्हणायचे आणि दर पाच मिनिटांनी सांगायचे, "सर, थांबा ना जरा." तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे कुणी तरी चाळीस वर्षं आधी सांगायला हवं होतं!

आता मोठ्या माणसांकडे जाऊ. पंडित शिवकुमार शर्मा मूळचे जम्मूचे, पण त्यांची कारकीर्द मुंबईत घडली आणि 2022 साली ते मुंबईतच गेले. ते आधी तबलावादक आणि गायक. वडील उमादत्त शर्मांनी त्यांच्यापुढे संतूर ठेवलं. काश्मीरच्या सूफियाना मौसिकीतलं हे शंभर तारांचं वाद्य. त्यावर शास्त्रीय राग वाजवायचा, ही कल्पना वडिलांची. 1955 साली, सतराव्या वर्षी, ते मुंबईत जाहीर मैफलीत वाजवायला आले. त्याच साली आलेल्या शांतारामबापूंच्या 'झनक झनक पायल बाजे'च्या पार्श्वसंगीतातही त्यांचं संतूर आहे. तबला मात्र सुटला नव्हता. 'गाईड'मधल्या 'मोसे छल'चा तबला त्यांचा आहे. कानाने पुन्हा तपासून बघा.

जाणकारांचा आक्षेप ठरलेला होता: यावर मींड नाही, गमक नाही, मग हे शास्त्रीय वाद्य कसं? आक्षेप खोटा नव्हता. पण तो ज्या गृहीतकावर उभा आहे ते तपासा. गळा हे प्रमाण, आणि वाद्य गळ्याच्या जितकं जवळ तितकं थोर. हीच फूटपट्टी पेटीला लावून 1940 साली रेडिओवरून पेटी हद्दपार झाली. आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी काय केलं? गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकलेल्या समाजाने रेडिओचं ऐकून घेतलं आणि घरी पेटी वाजवत राहिला. मग तीच फूटपट्टी संतूरला लावताना आपल्याला संकोच का वाटला नाही, हे मला कोडंच आहे.

शिवकुमारांनी दोन प्रकारे उत्तर दिलं. वाद्य स्टँडवरून उचलून मांडीवर घेतलं, तारांची रचना बदलली. आणि कलम तारेवर हलकं घासत, थरथरवत स्वर लांबवला. त्याने मींड झाली का? नाही झाली. सलगतेचा भास झाला, आणि तो पुरला. 1967 सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त बासरी, गिटार आणि माणिकराव पोपटकरांच्या तबल्याबरोबर हे संतूर ऐका. बासरी जे करू शकते ते करायची खटपट संतूर तिथे करत नाही. माझ्या मते त्याचं यश यातच आहे. टीकाही करतो: संतूरच्या मैफलीत टाळी हटकून लयकारीला पडते, आणि तबल्यातून आलेला वादक त्या टाळीकडे ओढला जातो. आलापाला जी बैठक लागते, ती मग आखूड पडते. हा दोष मी शिवकुमारांच्या पुढच्या पिढीत जास्त ऐकतो.

दुसरं नाव पंडित उल्हास बापट. 1950चा जन्म, 2018 साली गेले. हेही आधी तबल्याचे, रमाकांत म्हापसेकरांचे शिष्य. आणि पुढचे गुरू बघा: झरीन दारूवाला सरोदच्या, के. जी. गिंडे आणि वामनराव सडोलीकर गाण्याचे. संतूर शिकवणारा यात एकही नाही! आर. डी. बर्मन यांच्याकडे 'घर'पासून '1942: अ लव्ह स्टोरी'पर्यंत त्यांनी वाजवलं. ज्या स्टुडिओत कुठला सूर कधी मागतील याचा नेम नाही, तिथे रागापुरते सूर लावून कसं भागणार? बापटांनी सप्तकातले बाराही सूर लावून ठेवण्याची पद्धत बसवली. रागमाला वाजवताना मध्ये थांबून तारा पिळायला नकोत. आणि मींडेचं तंत्रही शोधलं.

इथे मी थोडा अडतो. रागापुरते सूर लावलेल्या संतूरवर कलम कुठेही घसरलं तरी सूर रागातलाच असतो. वाद्यच तुम्हाला सांभाळून घेतं. बारा सुरांच्या संतूरवर प्रत्येक वर्ज्य स्वर हाताशी दबा धरून बसलेला. स्वातंत्र्य वाढलं आणि जबाबदारीही. हे मला नैतिक प्रश्नासारखं वाटतं, असो. पण मींडेबद्दल बापटांशी माझा वाद आहे. ती आणली म्हणजे आक्षेप घेणाऱ्यांची फूटपट्टी आपण मान्य केली, असं मी बरीच वर्षं म्हणत असे. आता तितक्या ठामपणे म्हणवत नाही. दोघेही तबल्यातून आले, म्हणून त्यांना मींडेचा विरह नव्हता, अशी माझी समजूत होती. ती चुकीची. दोघांनीही गाणं शिकलेलं होतं. काय हातचं जातंय हे त्यांना नेमकं माहीत होतं. एकाने ते जाऊ दिलं, दुसऱ्याने परत मागितलं.

तेव्हा शहाद्याच्या गृहस्थांना उत्तर: लय जुनी, कान जुना, हात नवशिका. आणि वाद्य निवडताना ते काय देतं याआधी आपल्याकडून काय काढून घेतं, ते विचारा. सतार सोडून येणाऱ्याकडून संतूर मींड काढून घेतं. माझ्याकडून घाई काढून घेऊ पाहतंय, अजून पुरती गेलेली नाही.

व्यवहाराचंही सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. माझं पहिलं वाद्य एका दुकानातून नुसतं रूप बघून घेतलं. लाकूड नीट मुरलेलं नव्हतं. आपल्या नंदुरबारचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी लावलेल्या तारा दुपारी एकमेकींशी भांडायच्या. एका सुराला तीन-तीन तारा, त्या जुळवण्यात रियाजाचा तास जायचा. शेवटी ते वाद्य काढून टाकलं. घेण्याआधी खुंट्या फिरवून बघा, एक रात्र ठेवून सकाळी ऐका. आणि दुरुस्तीला कोण आहे ते विचारा. सतार-तंबोऱ्याला मिरज आहे. संतूरसाठी आपल्याला इथून रात्रभर गाडीत बसून मुंबई गाठावी लागते.

काठीच्या होळीला आपल्यापैकी बरेच जण जातात. तिथे ढोल गळ्यात अडकवणाऱ्या पोराला मी एकदा विचारलं, हेच वाद्य का निवडलंस? त्याला प्रश्नच कळला नाही. ढोल घरात होता. निवडीचा हा सगळा घोळ आपल्यासारख्यांचा.

प्रश्न असतील तर घेऊ. माइक मागे द्या, त्या बाईंना आधी.