दोन वह्या आणि एक निबंध

विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र हे दोन्ही विषय घेऊन मी शिकलो. टिटवाळ्याहून निघालेल्या लोकलमध्ये शहाड येईपर्यंत दोन्ही वह्या मांडीवर असत. बाबासाहेब मात्र एकाच वहीत होते, राज्यशास्त्राच्या. घटनेचे शिल्पकार, पुणे करार, राखीव जागा. तत्त्वज्ञानाच्या वहीत शंकराचार्य होते, कान्ट होता, जॉन ड्यूईही होता. कोलंबियात ड्यूईजवळ शिकलेले बाबासाहेब तिथे नव्हते. याला मी विसर म्हणत नाही. विचार कोणी करायचा आणि मागण्या कोणी मांडायच्या, याची ही जुनी वाटणी आहे.

या वाटणीची कसोटी म्हणून 'जातिप्रथेचे निर्मूलन' वाचावे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना 1936 सालच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणातला मजकूर बदलायला त्यांनी नकार दिला तेव्हा परिषदच रद्द झाली आणि भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. जात वाईट, हे मंडळालाही मान्य होते. वेद-शास्त्रांच्या प्रामाण्यावरचा घाव मात्र त्यांना सोसवला नाही.

निबंधाच्या उत्तरार्धात नियम आणि तत्त्व यांतला भेद येतो. नियम अमुक कर म्हणून सांगतो. तत्त्व विचार करायला लावते, म्हणून कृतीची जबाबदारी माणसावर येते. हे नीतिशास्त्र झाले. पण लगेच पुढे मागणी येते: पौरोहित्य वंशपरंपरेने नको, शासनाने परीक्षा घ्यावी, सनद द्यावी, पुरोहित शासनाचा नोकर असावा. हे राजकारण. पहिला भाग गाळला तर दुसरा विक्षिप्त सरकारी योजना वाटतो; दुसरा गाळला तर पहिल्याचे प्रवचन होते. अंगारकीला महागणपतीच्या दर्शनासाठी आमच्या स्टेशनात माणसांची रीघ उतरते, तेव्हा मला हे दोन्ही भाग एकदमच आठवतात. पूजा सांगण्याचा अधिकार जन्माने का ठरावा, हा प्रश्न कोणत्या वहीत लिहायचा?

शासनाच्या सनदेवर टाकलेला हा भरवसा मला अपुरा वाटतो. सनद देणारेही याच समाजातून येणार. बाबासाहेबांना हे पुढे अधिक तीव्रतेने जाणवले असावे. 25 नोव्हेंबर 1949 च्या घटना समितीतील भाषणात त्यांनी राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांतला अंतर्विरोध मांडला. कायदा लिहून झाल्यावरही 1956 साली नागपूरला धम्मदीक्षा घ्यावी लागली, ती मी याच प्रश्नाच्या ओघात वाचतो.

दोष केवळ विद्यापीठाचा नाही. 1972 साली उभी राहिलेली दलित पँथर पुढे बुद्ध की मार्क्स या वादात दुभंगली. आजही आपला कार्यकर्ता म्हणतो, पुस्तके पुरे झाली. आपला प्राध्यापक म्हणतो, मोर्चा हे माझे काम नव्हे. अभ्यासक्रम बदलेल तेव्हा बदलेल. आपल्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात तरी हा निबंध सलग वाचला जावा, आणि वाचणाऱ्यांत दोघेही असावेत.