बियाणे कोणाचे, करार कोणाचा?

विद्यापीठ, सरकार आणि उद्योग यांनी मिळून संशोधन करावे हा विचार आता चांगलाच रुजला आहे. एकाकडे शास्त्रज्ञ, दुसऱ्याकडे अनुदान व परवाने, तिसऱ्याकडे भांडवल व बाजार. पीक-संशोधनात मात्र आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे मूळ वाण. ते ज्याने राखले त्याची करारावर सही नसते. जव्हार-मोखाड्यासारख्या भागातून पाहिले की ही उणीव ठळक दिसते.

येथे उताराच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई, खाचरांत भात. लवकर सुकणाऱ्या वरच्या खाचरात हळवे भात, पाणी टिकते तेथे गरवे. कोठे काय पेरायचे आणि कोणते कणीस बियाण्याला ठेवायचे हे पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी व घरच्या बायका ठरवीत आल्या. काळपेरी, धवळपेरी या नागलीच्या जाती अशाच टिकल्या. भात व नागली मुख्यतः स्वपरागित, त्यामुळे चांगली कणसे निवडून वेगळी लावली की काही हंगामांत वाण शुद्ध होते. यालाही संशोधनच म्हणावे लागेल.

बायफ संस्थेने जव्हारमध्ये याच रीतीने स्थानिक वाणांचे संकलन, शेतावरील शुद्धीकरण आणि बियाणे बँकांचे काम केले. पुढे राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आणि पुण्याची आयसर यांच्या महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पात पीकवाणांचा विषय आला. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यासाठी पाच वर्षांकरिता १७२.३९ कोटी रुपये मंजूर केले. यात बी गावातच राहते. त्यामुळे ही भागीदारी मला बरी वाटते.

उलट उदाहरण वांग्याचे. २००५ मध्ये धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने जालन्याच्या महिको कंपनीशी करार केला. प्रकल्पाला पैसा अमेरिकी सरकारच्या यूएसएडचा, नेतृत्व कॉर्नेल विद्यापीठाचे. बीटी जनुक असलेल्या वांग्याचा स्थानिक वाणांशी पुनःपुन्हा संकर करायचा, म्हणजे वाणाचे गुण राहतात आणि जनुक त्यात उतरते. निवडलेल्या वाणांत आपला मांजरी गोटाही होता! जैवविविधता मंडळाची परवानगी न घेता हे केले, अशी तक्रार २०१० मध्ये झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीटी वांग्यावर स्थगिती आली आणि २०११ मध्ये राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने कारवाईचा निर्णय घेतला. येथे तिन्ही भागीदार नामांकित. वाण राखणाऱ्यांना विचारायचे मात्र कोणाच्या मनातही आले नसावे.

कायदा नाही असे नाही. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला किंवा गावाला आपले वाण नोंदवता येते. २००२ चा जैवविविधता कायदा लाभात वाटा देतो. पण त्याचेच पाचवे कलम सरकारी निकषांत बसणाऱ्या परदेशी सहयोगी संशोधनाला परवानगीच्या अटीतून सूट देते. धोरण लिहिणाऱ्यांनी एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, असे म्हणायला जागा आहे.

ग्रामपातळीवर लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. शिक्षकांनी तिच्यासाठी विद्यार्थ्यांकडून घरच्या वाणांची माहिती जरूर जमवावी: नाव, पेरणीची जागा, पिकायचे दिवस. सोबत ते कोणत्या घराने राखले हेही लिहावे, आणि वही कोणी मागितली तर ती कशासाठी हवी, हे आधी ग्रामसभेत विचारावे.