अमोनाइटांतील लिंगभेद आणि नामकरण

लुप्त प्राण्यांचे वर्गीकरण हे लुप्त भाषेच्या अभ्यासासारखे असते : बोलणारा नाहीसा झालेला, लेख तेवढा उरलेला. अमोनाइट या कवचधारी शीर्षपाद प्राण्यांविषयीचा वाद या दृष्टीने उद्बोधक आहे.

जुरासिक काळातील एकाच थरात पुष्कळदा दोन रूपांची कवचे शेजारी आढळतात. एक मोठे व साध्या मुखाचे. दुसरे लहान व मुखाच्या दोन्ही बाजूंस पाळ्या असलेले. पूर्वसूरींनी त्यांना भिन्न जाती, अनेकदा भिन्न प्रजातीही मानले. ही एकाच जातीची नर-मादी असू शकतील, हा विचार मुनिए-शाल्मा यांनी १८९२ मध्ये मांडला. परंतु त्यास भक्कम आधार मिळाला तो माकोव्स्की (१९६२) व कॅलोमन (१९६३) यांच्या विवेचनाने. दोन्ही रूपांचे आतील, म्हणजे बाल्यावस्थेतील, वेढे सारखेच असून भेद प्रौढपणी प्रकट होतो, हा त्यांचा मुख्य पुरावा होय.

हा पुरावा द्विरूपता सिद्ध करतो. नर कोणता, हे सांगत नाही. आज हयात असलेल्या आर्गोनॉटात मादी मोठी व नर खुजा असतो. नॉटिलसात नरच किंचित मोठा असतो. अमोनाइटांचे नाते आर्गोनॉटाच्या गटाशी अधिक जवळचे मानले जात असल्याने मोठे कवच मादीचे ठरविण्याकडे कल आहे. हे अनुमान आहे, साक्ष नव्हे. लोटा थोर व लोटी लहान मानणाऱ्या आपल्या भाषेचा कल याच्या नेमका उलट पडतो. तोही येथे प्रमाण नव्हे.

म्हणून कॅलोमन यांनी रूढ केलेल्या ‘मॅक्रोकाँच’ व ‘मायक्रोकाँच’ या संज्ञा मोलाच्या वाटतात. त्या केवळ आकार सांगतात, लिंगाचा निर्णय गृहीत धरीत नाहीत. खेद एवढाच की, हा विवेक नामकरणात पुरता उतरलेला नाही. अनेक ग्रंथांत जोडीतील दोन रूपे अद्याप वेगळ्या प्रजाती-नामांखाली नांदतात. परिणामी एकच प्राणी दोनदा मोजला जातो आणि त्या काळची विविधता फुगते.

एकाच थरात अनेक रूपे मिसळली असता जोड निश्चित करणे कठीण, हा आक्षेप खरा आहे. तेथे दोन नावे अवश्य राहोत. मात्र ती तात्पुरती आहेत हे स्पष्ट नोंदवावे. जेथे थर व आतील वेढे दोन्ही जुळतात, तेथे अग्रक्रमाच्या नियमानुसार जुने नाव एकट्याने राहावे. सोय हे दुसरे नाव राखण्याचे कारण होऊ शकत नाही.