हलगीनंतरचा ताल

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. तेथील एका महाविद्यालयीन तरुणाने मध्यंतरी आम्हांस स्वतः रचलेले रॅप ऐकविले. रॅप म्हणजे ठेक्यावर बोलत जावयाची यमकबद्ध रचना. हिपहॉप या जगभर पसरलेल्या कलाप्रवाहाचा तो शब्दरूप गाभा. या तरुणास हीच वाट धरावयाची आहे आणि वस्तीच्या पाण्याचा, रखडलेल्या शिष्यवृत्तीचा प्रश्न तिच्यातून मांडावयाचा आहे. विहारातील वडीलधाऱ्यांनी त्यास एवढेच विचारले, "हे आपले आहे काय?" तो प्रश्न आम्हांस टाळता आला नाही.

हिपहॉपचा आरंभ 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका मेजवानीपासून मानला जातो. तेथे तबकड्या वाजविणारा कूल हर्क हा जमैकाहून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबातील तरुण होता. 1982 साली 'द मेसेज' या गीताने त्या पडक्या वस्त्यांचे जिणे जगासमोर मांडले. याच न्यूयॉर्क शहरात, हार्लेमच्या शेजारी असलेल्या कोलंबिया विद्यापीठात, बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात शिकले. 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डू बॉईस यांना पत्र लिहिले, आणि 1972 च्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. तेव्हा परकेपणाचा आक्षेप आमच्या मते फार टिकणारा नाही.

शिवाय आपल्या घरचा दाखला आहेच. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तमाशाचाच साचा उचलला. ज्या रंगमंचाकडे सभ्य समाज नाके मुरडीत असे, त्यावरून समतेचा विचार अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत पोहोचविला. पुढे वामनदादा कर्डकांनी तोच विचार गीतांतून गावोगाव नेला. रॅपमध्ये दोन कवी समोरासमोर उभे राहून एकमेकांस शब्दांत गाठतात, ही रीत कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या मराठी माणसास नवी वाटू नये.

खरा फरक तालाचा आहे, आणि तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. गावच्या जत्रेत, वरातीत, मयतीत वाद्य वाजविणे हे अनेक ठिकाणी अस्पृश्य जातींच्या माथी मारलेले काम होते. त्यात कला होती. पण हुकूम गावाचा होता. आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे 1941 च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या उपस्थितीत भरली. गावकीच्या गुलामीतून माणूस सोडविणे हाच त्या काळच्या वतनविरोधी लढ्याचा अर्थ होता. गावकीची कामे सोडताना पुष्कळांनी वाद्यही खाली ठेवले, आणि ते योग्यच होते. सोनारीच्या तरुणाच्या भ्रमणध्वनीतील ठेका कोणाच्याही हुकमाने वाजत नाही. चेन्नईच्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'ने मात्र 2018 पासून याच्या उलट वाट धरली. त्यांनी पराई हे हीन ठरविलेले वाद्य रॅपच्या जोडीने मानाने मंचावर आणले. दोन्ही वाटा आम्हांस मान्य आहेत.

मराठीपुरते बोलायचे तर 2019 चे 'द वारली रिव्होल्ट' हे गीत अभ्यासण्याजोगे आहे. मुंबईच्या 'स्वदेशी' या गटाने आरेच्या जंगलातील प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ते केले. ज्याचे जंगल जाते आहे त्याचाच आवाज गीतात आहे. रॅपर त्याच्या वतीने बोलत नाही, त्याच्या शेजारी उभा राहतो. अमरावतीच्या विपिन तातडसारखे तरुण तर थेट आंबेडकरी विचारच रॅपमधून मांडतात. पण या प्रवाहात एक खोड शिरली आहे. मी किती मोठा, माझ्यापुढे कोण टिकेल, ही आत्मस्तुती बाजारी रॅपमधून जशीच्या तशी उचलली जाते. जलशातला शाहीरही स्वतःचे नाव शेवटच्या कडव्यात गुंफीत असे, पण ते कडवे शेवटचे असे!

येथे पाली वाङ्मयातील दोन व्यक्ती आठवतात. वंगीस थेर समयस्फूर्त काव्यात अग्र मानले गेले. या गाथा आधी रचल्या होत्या की जागीच सुचल्या, असे तथागतांनी त्यांना विचारले. जागीच सुचल्या, असे कळल्यावर आणखी ऐकविण्यास सांगितले. शीघ्रकाव्यास धम्मात जागा आहे ती अशी. दुसरा तालपुट, नटांचा प्रमुख. प्रेक्षकांना रिझविणारा नट मेल्यावर देवलोकी जातो काय, हा त्याचा प्रश्न तथागतांनी दोनदा टाळला. तिसऱ्यांदा सांगितले की जो आधीच राग, द्वेष, मोहाने बांधलेल्या लोकांत तेच वाढवितो, त्याची गती तशी नाही. तालपुट रडला, पुढे भिक्षू झाला. पण कवित्व सुटले नाही. थेरगाथेतील त्याच्या गाथांत तो स्वतःच्या चित्तासच दटावतो. 'मी'विषयी बोलण्याची ही रीत आमच्या रॅपरांनी एकदा वाचून पाहावी.

द्वेष वाढवू नये याचा अर्थ सत्ताधाऱ्यांस दुखवू नये असा कोणी काढू नये. 2023 च्या एप्रिलमध्ये राज मुंगासे व उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर त्यांच्या राजकीय गीतांमुळे गुन्हे नोंदविले गेले. सोनारीच्या तरुणाच्या आईस ही बातमी ठाऊक आहे, आणि तिची भीती आम्ही हसण्यावारी नेऊ शकलो नाही. आपल्या संस्थांनी या मुलांना मंच देताना वकिलाचाही विचार करून ठेवावा.

आता त्या तरुणाच्या रचनेविषयी. पहिली आठ यमके वाघ आणि डरकाळीची आहेत; ती काढावीत. ठेका कोठून तरी उतरवून घेतलेला असल्याने शब्द त्याच्यामागे धापा टाकतात. पण मध्ये एके ठिकाणी तो थांबतो आणि हापशावर नंबर लावून उभ्या असलेल्या आजीच्या घागरी मोजतो : एक, दोन, तीन. तेथे यमक नाही, वाद्यही थांबले आहे. तेवढा भाग आम्ही त्यास पुन्हा म्हणावयास लावला.