बायकोचा धाक आणि बाईची सत्ता

नवरा बायकोला घाबरतो, या एका कल्पनेवर मराठी दूरचित्रवाणीचा विनोद वर्षानुवर्षं पोसला आहे. ‘फू बाई फू’, ‘चला हवा येऊ द्या’, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. कार्यक्रम बदलले तरी ती कमरेवर हात ठेवून उभी असते आणि तो चळचळा कापत असतो. घर कुणाच्या नावावर आहे, हे मात्र त्या प्रहसनात कधी कळत नाही. धाक म्हणजे सत्ता नव्हे. हा विनोद नेमकं तेच झाकतो, आणि ज्याच्या हाती सगळं आहे तोच बिचारा ठरतो.

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीसारख्या धानाच्या मुलखात धाक आणि सत्ता यांतली ही फारकत डोळ्यांत खुपते. इथं धानाचं रोवणं, म्हणजे लावणी, बायाच करतात. पाऊस अंगावर घेत, दिवसभर चिखलात वाकून. मजुरी मात्र गड्यापेक्षा कमी. त्याच बाया रात्री टीव्हीसमोर बसून पोटभर हसतात. त्यांचं हसणं मला जराही कमी लेखायचं नाही. त्यांच्या दिवसातलं काहीच त्या हसण्यात का येत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

याच भागातल्या, म्हणजे झाडीपट्टीतल्या, खडी गंमत या लोकनाट्यात पुरुष लुगडं नेसून नाचायचा, कारण बाईला मंचावर यायची मुभाच नव्हती. २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ला असं कोणतंही बंधन नव्हतं. तरी मुख्य चमूत श्रेया बुगडे बराच काळ एकटीच बाई होती आणि सागर कारंडे, भाऊ कदम साड्या नेसत होते. दोघंही कसलेले नट आहेत, यात वाद नाही. पण साडीतला पुरुष दिसला की ती बाई काय म्हणते ते ऐकण्याआधीच हशा पिकतो. तिचं म्हणणं तिथंच संपतं.

२०१८ पासूनच्या ‘हास्यजत्रे’नं हे चित्र पालटलं, याचं श्रेय तिला मोकळेपणानं द्यायला हवं. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात, ईशा डे यांनी सुंदर दिसण्याची सक्तीच झुगारली. नम्रताची लॉली बघा: वेंधळी, हट्टी, आणि मंचाचा ताबा पूर्णपणे तिचा. नटीची ताकद वाढली. लेखन मागे राहिलं. वजनावरचे आणि लग्न न जमण्यावरचे विनोद अजून सुटलेले नाहीत.

पूर्वी सगळं याहून वाईट होतं, असंही नाही. १९८५ साली बासू चटर्जींच्या ‘रजनी’ या हिंदी मालिकेत प्रिया तेंडुलकर हसतखेळत टॅक्सीवाल्यांना आणि सरकारी कारभाराला जाब विचारत होती. दहा वर्षांनी ‘हम पाँच’मध्ये तीच अभिनेत्री भिंतीवरच्या तसबिरीतून बोलणारी पहिली बायको झाली. घरातली शहाणी बाई, पण मेलेली. रस्त्यावर भांडणारी बाई घरात आली ती अशी.

विदर्भाच्या वाट्याला ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका आली. अनिता दातेनं ती जीव ओतून उभी केली. सुरुवातीला जिची नागपुरी बोली हसण्यावारी नेली गेली, ती पुढं मसाल्याच्या धंद्याची मालकीण झाली. बाईच्या हाती पैसा आला की विनोदाचा रोख बदलतो, हे त्या मालिकेनं दाखवलं. झाडीबोली बोलणारी नायिका मात्र टीव्हीवर अजून यायची आहे.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा राखीव आहेत. सरपंचबाईच्या खुर्चीवर तिचा नवरा बसतो, हे गावोगावी लोक बघतात. यावरची सर्वांत चांगली विनोदी मालिका आली ती २०२० मध्ये, आणि तीही हिंदीत: ‘पंचायत’. नावापुरती प्रधान, म्हणजे सरपंच, असलेली मंजूदेवी झेंडावंदनासाठी राष्ट्रगीत पाठ करते. नीना गुप्तानं तिचं अडखळणं असं केलंय की हसू तिच्यावर येत नाही; इतकी वर्षं तिच्या नावानं कारभार करणाऱ्या नवऱ्यावर येतं. नम्रता संभेराव किंवा वनिता खरात यांना असा प्रसंग मराठीत कुणी लिहून दिलेला नाही. रोवण्याची मजुरी ठरवायला बसलेल्या बाया, ग्रामसभेत नवऱ्याला गप्प करणारी सरपंच, शेतावर स्वतःचं नाव चढवायला तलाठ्याकडे चकरा मारणारी विधवा: हे सगळं लिहायला मराठी प्रहसनकारांनी आता बसावं. नट्या तयार आहेत.