ड्यूई, जॉन : ग्रंथलेखन व चिकित्सा

ड्यूई, जॉन : (२० ऑक्टोबर १८५९–१ जून १९५२). अमेरिकन तत्त्ववेत्ता, मानसशास्त्रज्ञ व शिक्षणतज्ञ. चार्ल्स पर्स व विल्यम जेम्स यांच्यासमवेत फलप्रामाण्यवादाचा प्रमुख पुरस्कर्ता. जन्म व्हर्मॉंट राज्यातील बर्लिंग्टन येथे. तेथील विद्यापीठाची पदवी १८७९ मध्ये मिळविल्यावर त्याने काही काळ शाळेत अध्यापन केले आणि १८८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. मिशिगन, शिकागो (१८९४–१९०४) व त्यानंतर निवृत्तीपर्यंत (१९३०) न्यूयॉर्कचे कोलंबिया या विद्यापीठांत तो तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता. तर्कशास्त्र, मानसशास्त्र, नीतिशास्त्र व शिक्षण या चारही विषयांवर त्याने विपुल लिहिले. परंतु या लेखनामागील सूत्र एकच आहे. मनुष्याचा व्यवहार जेथे अडतो तेथे विचाराचा उगम होतो आणि ती अडचण दूर होते की नाही, यावरून विचाराची पारख होते, हे ते सूत्र होय.

त्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथात, सायकॉलॉजीमध्ये (१८८७), हेगेलचा प्रभाव स्पष्ट दिसतो आणि आज तो ग्रंथ केवळ ऐतिहासिक महत्त्वाचा उरला आहे. १८९६ मधील प्रतिक्षिप्त क्रियेच्या संकल्पनेवरील छोट्या निबंधाची गोष्ट मात्र वेगळी आहे. मेणबत्तीच्या ज्योतीकडे हात नेणारे व पोळताच तो मागे घेणारे मूल हे तत्कालीन मानसशास्त्राचे ठरीव उदाहरण. प्रकाश हा उद्दीपक व हात पुढे करणे ही प्रतिक्रिया, अशी त्याची फोड केली जाई. ड्यूईचे म्हणणे असे, की प्रारंभ प्रकाशापासून होत नाही, पाहण्याच्या क्रियेपासून होतो. आणि पोळल्यानंतर मुलाला ‘दुखविणारी ज्योत’ दिसू लागते, म्हणजे पाहण्याचा अर्थच बदलतो. उद्दीपक व प्रतिक्रिया हे दोन स्वतंत्र पदार्थ नसून एकाच चालू क्रियेतील दोन कार्ये आहेत. ड्यूईच्या पुढील तत्त्वज्ञानाचे बीज या निबंधात आहे आणि त्याची एरवी शिथिल व बोजड असणारी शैली येथे बरीच नेटकी आहे.

तर्कशास्त्रात हाच विचार त्याने स्टडीज इन लॉजिकल थिअरी (१९०३), हाउ वुई थिंक (१९१०) आणि लॉजिक : द थिअरी ऑफ इन्क्वायरी (१९३८) या ग्रंथांतून विस्तारिला. तर्काचे नियम स्वयंसिद्ध नसून यशस्वी अन्वेषणातून घडत गेलेले आहेत, असे त्याचे मत होते. ‘सत्य’ या शब्दाऐवजी तो ‘साधार प्रतिपादनीयता’ अशी संज्ञा वापरतो. बर्ट्रंड रसेलने त्यावर घेतलेला आक्षेप सर्वश्रुत आहे : एखाद्या विधानाचे परिणाम समाधानकारक आहेत हे ठरविण्यासाठी त्या परिणामांविषयीचे विधान आधी खरे असावे लागते. ड्यूईच्या उत्तराचा रोख असा, की समाधान व्हावयाचे ते अन्वेषकाच्या इच्छेचे नव्हे, तर समस्येच्या अटींचे. हे उत्तर पुरेसे आहे किंवा नाही याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

हाउ वुई थिंकमधील विचारप्रक्रियेच्या पाच अवस्था – अडचणीची जाणीव, तिची निश्चिती, संभाव्य उपाय, त्याच्या निष्कर्षांची मांडणी व प्रत्यक्ष पडताळा – अध्यापक-विद्यालयांतून बऱ्याच प्रसिद्धी पावल्या. पण हर्बार्टच्या पाठटाचणातील पायऱ्यांप्रमाणे त्या पाठ करून घेतल्या जातात, हे त्यांचे दुर्दैव. १९३३ च्या सुधारित आवृत्तीत या अवस्थांचा क्रम ठरलेला नसतो, असा खुलासा ड्यूईला करावा लागला.

नीतिशास्त्रात जेम्स टफ्ट्स याच्या सहकार्याने लिहिलेला एथिक्स (१९०८, सुधारित आवृत्ती १९३२) व ह्यूमन नेचर अँड कॉन्डक्ट (१९२२) हे ग्रंथ महत्त्वाचे आहेत. नियम आणि तत्त्व यांत तो भेद करतो : नियम काय करावे ते सांगतो, तर तत्त्व प्रसंगाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे ते सुचविते. साध्य व साधन यांची फारकतही त्याला मान्य नाही. वापरलेली साधने साध्याच्या स्वरूपात उतरतातच.

ड्यूईची लोकमान्यता मुख्यतः शिक्षणविषयक लेखनावर आधारलेली आहे. जानेवारी १८९६ मध्ये शिकागो येथे १६ मुलांनिशी त्याची प्रयोगशाळा सुरू झाली. स्वयंपाक, विणकाम व सुतारकाम हे तेथील शिक्षणाचे केंद्र होते. द स्कूल अँड सोसायटी (१८९९) या पुस्तकात कापसाचा प्रसंग आहे. अर्धा तास खपूनही मुलांना सरकीपासून एक औंस कापूसदेखील वेगळा करता येईना, तेव्हा पूर्वजांनी सुती वस्त्रांआधी लोकरी वस्त्रे का वापरली, याचे कारण त्यांना आपोआप उमगले. ‘कृतीतून शिक्षण’ या घोषणेचा खरा आशय हा आहे. हातांना चाळा म्हणजे कृती, असे ड्यूईने कोठेही म्हटलेले नाही.

याच सुमारास पुणे जिल्ह्यातील, सध्याच्या दौंड तालुक्यात असलेल्या केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) १८९६–९७ च्या दुष्काळातील निराधार मुली व स्त्रिया यांच्यासाठी मुक्तिसदन उभे केले. हे कार्य ड्यूईच्या ग्रंथापूर्वीचे आहे. रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या व तेथे त्यांनी फ्रबेलच्या बालोद्यान-पद्धतीचे शिक्षण घेतले होते. ड्यूईनेही फ्रबेलचा चिकित्सक स्वीकार केला, एवढाच उभयतांतील दुवा. तरीही तुलना उद्‌बोधक ठरते. केडगावला शेती, विणकाम, छपाई हे उद्योग शिक्षणाचे अंग होते, आणि त्याच वेळी ते उपजीविकेचे साधनही होते. शाळेतील उद्योग आर्थिक निकडीपासून मुक्त असावेत, असा ड्यूईचा आग्रह आहे. शुल्क व देणग्या यांवर चालणाऱ्या शाळेत तो आग्रह शोभतो. दुष्काळातून आलेल्या मुलीपुढे तो ठेवता येत नाही. १९३७ मध्ये वर्धा येथे मांडल्या गेलेल्या मूलोद्योगी शिक्षणाच्या योजनेत हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा की नाही यावर जो वाद झाला, त्याचे मूळ याच ठिकाणी आहे. मुलांच्या निर्वेध कृतीचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न ड्यूईच्या शिक्षणविचारात दुय्यमच राहिला.

मराठी वाचकांच्या दृष्टीने ड्यूईचा सर्वांत अर्थपूर्ण स्वीकार भीमराव आंबेडकरांनी केला. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात ते त्याचे विद्यार्थी होते. अ‍ॅनाइहिलेशन ऑफ कास्ट (१९३६) या निबंधात त्यांनी आपल्या या गुरूचे ऋण नमूद केले आहे. हिंदू धर्मव्यवस्था तत्त्वांची नसून नियमांची आहे, ही त्यांची टीका एथिक्समधील भेदाशी जुळते. आणि समूहासमूहांत मुक्त अभिसरण नसेल तर लोकशाही नांदत नाही, हा विचार डेमॉक्रसी अँड एज्युकेशन (१९१६) मधला आहे.

१ जानेवारी १९२७ रोजी आंबेडकरांनी शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा या गावानजीकच्या, १८१८ च्या लढाईचे स्मारक असलेल्या विजयस्तंभाला भेट दिली. भूतकाळाचे मोल वर्तमानातील कृतीला त्याचा उपयोग होण्यात आहे, या ड्यूईच्या मताचे याहून ठळक उदाहरण सहसा आढळत नाही. कारण तीनच महिन्यांच्या आत, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव सी. के. बोले यांच्या पुढाकाराने मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला होता व महाड नगरपालिकेनेही त्याला अनुसरून तळे खुले केले होते. तरी पाण्याला कोणी स्पर्श केला नव्हता. ज्या हक्काचा व्यवहारात काही परिणाम नाही, त्याला अर्थही नाही, हे फलप्रामाण्यवादाचे मूलसूत्र तेथे ओंजळभर पाण्याने सिद्ध झाले.

ड्यूईच्या तर्कशास्त्राची उणीवही येथेच दिसते. त्याच्या मते संशय कोणा एकाच्या मनात नसतो, तो परिस्थितीतच असतो. पण महाडला परिस्थिती एका पक्षाला असह्य, तर दुसऱ्याला पूर्णपणे सुव्यवस्थित वाटत होती. सत्याग्रहींवर हल्ले झाले, नंतर तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. समस्या आहे हेच एक पक्ष अमान्य करीत असेल, तर सहकारी अन्वेषणाला सुरुवात कोठून व्हावी? द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स (१९२७) या त्याच वर्षीच्या ग्रंथात परस्परसंवादातून ‘जनता’ कशी घडते, याची सुंदर मीमांसा आहे. संवादच नाकारला गेल्यास काय करावे, याचे उत्तर तीत अपुरे आहे. चवदार तळ्याचा वाद अखेर १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने मिटला.

ड्यूईच्या अनुयायांचा यावर युक्तिवाद असा, की सत्याग्रह व न्यायालयीन लढा हीदेखील अन्वेषणाचीच रूपे होत. तो अंशतः ग्राह्य आहे. मात्र त्यामुळे ‘अन्वेषण’ ही संज्ञा इतकी फुगते, की तिच्यात न बसणारे असे काही शिल्लकच राहत नाही. आंबेडकरांनी ड्यूईचा मार्ग सोडला नाही, पण त्याला दोन आधार जोडले. एक मूलभूत हक्कांचा. भारतीय संविधानाचा अस्पृश्यता नष्ट करणारा १७ वा अनुच्छेद हे त्याचे उदाहरण. दुसरा धर्माचा. ड्यूईने अ कॉमन फेथ (१९३४) मध्ये धार्मिक वृत्ती संघटित धर्मांपासून वेगळी केली होती. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.