सुटा हात मिळणार नाही: एसएमई आणि नावाची पुण्याई

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



एसएमई म्हटलं की आपल्याकडे बँकेचं कर्ज आठवतं. लघु आणि मध्यम उद्योग. आज मी बोलणार आहे ती एसएमई इंग्लंडमधली, ससेक्स भागातल्या स्टेनिंग नावाच्या लहानशा गावातली. रेकॉर्ड ऐकणाऱ्या जगात या तीन अक्षरांना जो मान आहे, तो एका वस्तूमुळे आहे: टोनआर्म. रेकॉर्ड प्लेअरवरचा तो हात, ज्याच्या टोकाला सुई असते.

डिसेंबर २०१९ मध्ये या कंपनीने जाहीर केलं की यापुढे हा हात सुटा विकला जाणार नाही. हवा असेल तर आमचा अख्खा टर्नटेबल घ्या. अनेकांना ही व्यापारातली एक बारीकशी बातमी वाटली असेल. मला वाटतं, कंपनीच्या टोनआर्मच्या साठ वर्षांच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा निर्णय आहे, आणि तो चुकलेला आहे. का, ते सांगतो. पण त्यासाठी आधी हा हात काय करतो ते बघावं लागेल.

रेकॉर्ड तयार करताना खाच कापणारं हत्यार सरळ रेषेत, कडेकडून मध्याकडे सरकतं. आपल्या घरातला हात मात्र एका टोकाला खिळलेला असतो. तो फिरतो आणि वर्तुळाचा तुकडा काढतो. म्हणजे ज्या कोनात खाच कापली, त्या कोनात सुई बहुतेक वेळ बसतच नाही. हात लांब केला की ही चूक कमी होते, पण लांब हात जड होतो. त्यात सुईवर वजन किती, तर दीड-दोन ग्रॅम. एवढ्या हलक्या स्पर्शाने तिने खाचेच्या दोन्ही भिंतींना धरून राहायचं आणि जाताना तो सगळा हात बरोबर ओढत न्यायचा. सांध्यात जरा घर्षण असलं की सुई एका भिंतीवर रेलते, आवाज फाटतो आणि रेकॉर्ड झिजते ती वेगळीच.

अॅलिस्टर रॉबर्टसन-एकमन यांनी १९४६ मध्ये काढलेली कंपनी मुळात लहान आकाराच्या यंत्रप्रतिकृतींचे भाग करायची. स्केल मॉडेल इक्विपमेंट, हे त्या अक्षरांचं मूळ नाव. पुढे विमानांच्या उपकरणांचे सूक्ष्म भाग होऊ लागले. मालकाला स्वतःच्या घरी मनासारखा हात मिळेना, म्हणून त्यांनी तो करवून घेतला, आणि १९५९ मध्ये तो बाजारात आला. बारा इंची ३०१२ आणि नऊ इंची ३००९. त्यातली मेख म्हणजे सांधा. सराफाच्या काट्याची दांडी जशी धारेवर तोललेली असते ना, तसाच हा हात धारेवर तोललेला होता. विमानाचे भाग करणाऱ्यांनी तो केला होता, त्यामुळे हजारावा हात पहिल्यासारखाच निघायचा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हा हात उत्तम होता, हे खरंच. पण उत्तम वस्तू जगात पुष्कळ असतात आणि विसरल्याही जातात. एसएमई विसरली गेली नाही, कारण तिने आपला हात सगळ्यांच्या हातात दिला. टर्नटेबल कुणाचाही असो, सुई कुणाचीही असो, मधला हात एसएमईचा बसायचा. टोकाचा सुईचा डबा, ज्याला हेडशेल म्हणतात, तो काढता-घालता यायचा. ती जोडणी इतकी रूढ झाली की जपानी कंपन्यांनी आपल्या यंत्रांवर तीच घेतली. आज कुठल्याही साध्या जपानी टर्नटेबलचं हेडशेल फिरवून काढा, तुम्ही त्याच जोडणीला हात लावत असता. दुसऱ्यांच्या यंत्रावर बसून एसएमई मोठी झाली. ही तिची पुण्याई.

तिच्या जोडीला ज्याचं नाव नेहमी येतं, तो गॅरार्ड. गॅरार्डचा ३०१ हा १९५०च्या दशकातला टर्नटेबल आणि त्यावर एसएमईचा हात, ही जोडी रसिकांत गायक-तबलजीच्या जोडीसारखी बोलली जाते. गॅरार्डची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण एसएमईचं भविष्य त्यात दिसतं. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात सैन्याला अंतर मोजायची उपकरणं पुरवण्यासाठी ही कंपनी निघाली. पुढे स्विंडनला कारखाना झाला. १९६० मध्ये प्लेसीने ती घेतली, १९६५ मध्ये ४०१ आला, आणि १९७९ मध्ये ब्राझीलच्या ग्राडिएंटेने तिला विकत घेतलं. त्यानंतर गॅरार्ड हे नाव जगात हिंडत राहिलं. पण प्रतिष्ठा कुठे राहिली? ती नावाबरोबर ब्राझीलला गेली नाही. ज्यांनी जुने ३०१ आणि ४०१ उघडले, बेअरिंग स्वच्छ केली, रबराची चाकं बदलली, नवे चौथरे बांधले, त्या दुरुस्ती करणाऱ्यांकडे ती राहिली. इंग्लंडमधल्या लोरिक्राफ्टसारख्या छोट्या कार्यशाळेने ती वर्षानुवर्षं सांभाळली. कागदावरचा मालक एक, आणि पुण्याईचा राखणदार दुसराच.

मंडळी, इथून पुढची गोष्ट आपल्या दारात येते. २०१६ मध्ये एसएमई केडन्स समूहाकडे आली. पुण्याचे उद्योजक अजय शिर्के, ज्यांना आपण क्रिकेट मंडळामुळे ओळखतो, ते यामागे आहेत. २०१८ मध्ये गॅरार्डचं नाव आणि लोरिक्राफ्टही याच छत्राखाली आलं. इंग्रजांच्या घरातली ही जोडी पुणेकराने एकत्र आणली, याचा मला आनंद झाला होता, लपवत नाही. कारखाना स्टेनिंगलाच राहिला. ३०१ पुन्हा नव्या चौथऱ्यावर, एसएमईच्या हातासकट मिळू लागला. हे काम चांगलंच आहे, त्याला नावं ठेवणार नाही.

आणि मग वर्षभरात सुटा हात बंद.

कंपनीची बाजूही मांडतो, नाहीतर ती टीका नव्हे, तक्रार होईल. असा हात करायला कसबी माणसं आणि महागडी यंत्रं लागतात, आणि एका हातावर सुटणारा पैसा अख्ख्या टर्नटेबलच्या मानाने थोडाच. शिवाय दुसऱ्याच्या फळीवर कुणीतरी तो वाकडा बसवतो आणि बोल एसएमईला लागतो. सगळं यंत्र आपलंच असेल तर जुळणी आपल्या ताब्यात राहते. हिशोब म्हणून हे पटतं. २०२२ मध्ये मॉडेल ६० आला. तो अतिशय महाग, पण कारागिरीत कुठे कमी आहे असं कुणी म्हणणार नाही.

पण हा हिशोब आजच्या गिऱ्हाइकाचा झाला. उद्याचं गिऱ्हाईक कुठून येतं? माझंच सांगतो. माझ्याकडे जुना ३००९ आहे, दुसऱ्याच्या वापरातला घेतलेला. मागच्या वजनाला जोडणारं रबर वयाने सैल पडून वजन खाली झुकलं होतं. या जुन्या हातांचं हे नेहमीचंच दुखणं. ते रबर बदललं, सुई बसवली आणि घरातली नाट्यसंगीताची एक जुनी एलपी लावली. तिच्यावर मी वर्षानुवर्षं जो खरखराट ऐकत होतो, त्यातला बराचसा रेकॉर्डचा नव्हताच. माझ्या आधीच्या यंत्राचा होता. त्या दिवशी मी एसएमईचा माणूस झालो. अख्खा टर्नटेबल घ्यायची तेव्हा ऐपत नव्हती, आजही नाही. तरी इथे उभा राहून तासभर तिच्याबद्दल बोलतोय ना?

हात सुटा मिळायचा, तेव्हा साधा माणूस आयुष्यात एकदा पैसे साठवून या घराण्यात शिरू शकायचा. दुसरी कंपनी टर्नटेबल करताना एसएमईचा हात गृहीत धरून फळीला भोक पाडायची. प्रत्येक भोक म्हणजे फुकटची जाहिरात होती. आता ती भोकं दुसऱ्यांचे हात भरतील. दहा-वीस वर्षांनी जी पिढी टर्नटेबल घेईल, तिच्या तोंडी ते दुसरं नाव असेल. एसएमई तेव्हाही उत्तम यंत्रं करत असेल, फक्त ती काचेमागची उत्तम यंत्रं असतील.

म्हणून माझं मागणं लहानसं आहे. सगळे हात परत आणा असं म्हणत नाही. एक साधा, नऊ इंची हात सुटा ठेवा. आणि जुन्या हातांचे भाग, ते रबर, ती सांध्याची धार, हे कारखान्यातून रास्त किमतीत मिळत राहू देत. गॅरार्डच्या गोष्टीतून हेच शिकायचं आहे, आणि गॅरार्ड आता त्यांच्याच घरात आहे. तिला मेल्यावर जगवलं ते दुरुस्तीवाल्यांनी. एसएमई जिवंत आहे, तोवरच हे केलेलं बरं.

घराण्याचं नाव मालकाच्या नावावर करता येतं. पुण्याईचा सातबारा मात्र ऐकणाऱ्यांच्याच नावावर असतो.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.